मुनव्वर सारंगनं न बसवलेली चाकं

मुनव्वर सारंग हा माणूस दिसायला अगदी किरकोळ. उंची बेताची, खांदे जरा पुढे झुकलेले, डाव्या हाताची दोन नखं कायमची काळी. कुवेतच्या शुवैख भागात गॅरेजांच्या रांगांपुढे अशी माणसं उकिडवी बसलेली शेकड्यांनी दिसायची आणि येणारा-जाणारा त्यांच्याकडे ढुंकूनही पाहायचा नाही. पण मुनव्वरला एक गोष्ट यायची, जी त्या शेकड्यांतल्या फारच थोड्यांना येत होती. त्याला 'नाही' म्हणता यायचं. परक्या मुलखात, दुसऱ्याच्या सहीवर पोट भरणाऱ्या माणसानं 'नाही' म्हणायचं म्हणजे काय, हे ज्यांनी आखातात दिवस काढलेत त्यांना सांगायला नको. बाकीच्यांनी आपापल्या साहेबासमोर एकदा म्हणून पाहावं.

त्याचं गाव केळशी. वयाच्या सतराव्या वर्षी तो कोकणच्या किनाऱ्यानं जाणाऱ्या बोटीच्या इंजिनखोलीत तेल घालायला लागला. तिथल्या म्हाताऱ्या मुख्य फिटरनं त्याला पहिली शिकवण दिली ती कानाची. कुठलाही नवा भाग इंजिनात जायच्या आधी दोरीनं टांगायचा, पितळी हातोडीनं हलकेच ठोकायचा आणि ऐकायचं. धड असलेला धातू बराच वेळ गात राहतो. आतून खोट असेल तर आवाज तिथल्या तिथे मरतो. बाहेरून चीर असल्याची शंका आली तर रॉकेल लावून पुसायचं आणि वर खडू फासायचा. चिरेतलं रॉकेल खडूतून ओल्या रेघेसारखं उमटतं. भर समुद्रात काही मोडलं तर खाली उतरून ढकलता येत नाही, एवढं एकच कारण म्हाताऱ्यानं दिलं होतं, आणि मुनव्वरला ते जन्माला पुरलं.

कुवेतला तो आला त्र्याहत्तर साली. व्हिसा पाठवला अशरफ परकारनं. अशरफ हा मुनव्वरच्या बायकोचा, रुकय्याचा, मावसभाऊ. शुवैखमधलं एक गॅरेज आणि त्याला लागून असलेलं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, दोन्हींचा कारभार तो पाहायचा. मालक कुवेती, अबू फहद नावाचे म्हातारे गृहस्थ. तरुणपणी ते शिडाची गलबतं घेऊन मुंबई, मंगलोर, मलबार करून आलेले, त्यामुळे हिंदी बोलायचे ती थेट बंदरावरची. तेच दोघांचे कफील. म्हणजे त्यांची सही झाली तर राहण्याचा परवाना, इकामा, नवा, आणि इकामा नवा झाला तर माणूस देशात. पण सहीसाठी कागद म्हाताऱ्यापुढे ठेवणारा हात अशरफचा होता. गावातून आलेली अशी चौदा माणसं त्या हाताकडे पाहून जगत होती. ईदला सगळे आधी अशरफकडे जायचे, मग मशिदीत भेटलेल्या इतरांकडे. मुनव्वरही जायचा. उपकार विसरणाऱ्यातला तो नव्हता आणि अशरफही ते विसरू देणाऱ्यातला नव्हता.

त्याच वर्षांत तेलाचे भाव चढले आणि कुवेतच्या रस्त्यांवर आठ सिलिंडरच्या लांबलचक अमेरिकन गाड्या माजल्या. पोरांना त्यांचीही ताकद पुरेना. गाडीनं अजून गुरगुरावं, अजून उडी घ्यावी, सिग्नलला शेजारच्यानं मान वळवून पाहावं. मग मोठा कार्बोरेटर, इंजिनातून धूर बाहेर ओढणारे जाड पाइप ज्यांना पोरं हेडर म्हणत, अॅल्युमिनियमची चकचकीत चाकं, असलं सामान अमेरिकेहून यायला लागलं. ते महाग होतं, पण मुनव्वरच्या हातोडीखाली गायचं. त्यानं बसवलेल्या गाड्या उन्हाळ्यातून पार पडायच्या, आणि कुवेतचा उन्हाळा म्हणजे उघड्या बॉनेटवर पोळी भाजावी असा.

मग ऐंशीच्या आसपास पूर्वेकडच्या कारखान्यांतून नकला आल्या. खोकी तशीच, अक्षरं तशीच, फक्त नावातलं एखादं अक्षर इकडचं तिकडे. पंचावन्न दिनारचा कार्बोरेटर अठराला. अशरफच्या तोंडाला पाणी सुटलं. मुनव्वर कुरकुरला. त्यानं तीनचार नग ठोकून पाहिले, नाक मुरडलं, हेडरचे जोड पहिल्याच ऑगस्टमध्ये उकलतात हे दाखवलं, क्रोमचे पापुद्रे नखानं सोलून टेबलावर ठेवले. अशरफ म्हणायचा, उकललं तर गिऱ्हाईक परत येईल, परत आलं तर पुन्हा विकू. आणि मुनव्वर बसवत राहिला. हे लपवण्यात अर्थ नाही. दोन वर्षं तो मूग गिळून नकला बसवत होता, कारण व्हिसा अशरफनं दिला होता.

ब्याऐंशीच्या जूनमध्ये एका शिक्षकाच्या जासिम नावाच्या मुलाला त्यानं तसला अठरा दिनारचा कार्बोरेटर बसवून दिला. जासिम तेव्हा एकवीसचा, हसरा, बोलघेवडा. महिन्याभरानं गॅरेजच्याच रस्त्यावर त्यानं वळणाआधी अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि गाडी थांबेचना. उन्हानं कार्बोरेटरची झडप उघडी ती उघडीच अडकून बसली होती. ब्रेकवर उभा राहूनही गाडी भिंतीवर गेली. मुनव्वर धावत पोहोचला, त्याला बाहेर ओढलं, दुसऱ्याच्या गाडीत घालून इस्पितळात नेलं. एक्स-रेच्या खोलीबाहेर बसून तो स्वतःलाच शिव्या घालत होता, आणि त्या अस्सल मराठी असल्यामुळे आतला तंत्रज्ञ दार उघडून बाहेर आला. तो पुण्याचा हरिश्चंद्र लेले. गळपट्टीचं हाड मोडलंय, बाकी पोरगा सुटला, असं त्यानं सांगितलं आणि वर विचारलं, की एवढ्या शिव्या नेमक्या कुणाला? मुनव्वरनं उत्तर दिलं, "ज्यानं बसवला त्याला. मना."

ती ओळख पुढे दोस्ती झाली. दोघं रिग्गईत दोन इमारती सोडून राहत होते. इकडे अशरफनं मात्र जासिमच्या वडिलांना सांगून टाकलं, की सामान उत्तम होतं, मेकॅनिककडून झडपेची स्प्रिंग चुकीची लागली. मुनव्वर तिथेच उभा होता. त्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. त्या अठरा दिनारच्या कार्बोरेटरनं एक रेडिएटर खाल्ला, पुढची जाळी खाल्ली, एका पोराचं हाड खाल्लं, आणि शेवटी मुनव्वर सारंगचं नावही खाल्लं. त्या दिवसापासून त्यानं कानाला खडा लावला. जे गात नाही ते आपण बसवायचं नाही. कुणाचंही असो.

चौऱ्याऐंशीच्या सप्टेंबरात चाकांचा कंटेनर आला. दोनशे चाळीस चाकं, अॅल्युमिनियमची, पाच पाकळ्यांची, आरशासारखी. अमेरिकन चाक बेचाळीस दिनारला एक, हे तेराला. प्रत्येक खोक्यात शिक्का मारलेलं प्रमाणपत्र. अशरफनं दुकानाच्या काचेत त्यांचा मनोरा रचला आणि आठवड्याच्या आत पोरं नाव नोंदवायला लागली. यादीत पहिलं नाव जासिमचं. गळपट्टीचं हाड जुळलं की पोरांची स्मरणशक्ती जाते, हे डॉक्टरांनी कुठेतरी लिहून ठेवायला हवं.

मुनव्वरनं एक चाक दोरीनं छताच्या हुकाला टांगलं आणि हातोडी मारली. थप्प. त्यानं दुसरं टांगलं, तिसरं टांगलं. बारा चाकं टांगली. दोन गायली, दहा मेली. रॉकेल आणि खडू लावून पाहिलं तर बाहेरून एकही चीर नाही. म्हणजे खोट आत होती, ओततानाच हवा अडकून धातू पोकळ राहिला होता. कार्बोरेटर बिघडला तर गाडी भिंतीवर जाते. चाक फुटलं तर गाडी कुठे जाईल ते कुणी सांगू नये.

तो अशरफकडे गेला आणि म्हणाला, "अशरफभाय, ह्या चाक मेलेला हाय. मी नाय बसवणार."

अशरफ आधी हसला. मग त्यानं खोक्यातलं प्रमाणपत्र काढून समोर ठेवलं. "माज्याकडं शिक्क्याचा कागद हाय. तुज्याकडं काय हाय? कान? कानावर धंदा चालत नाय, मुनव्वर. तू पन कागद आण."

अशरफ दुष्ट नव्हता. मुंबईच्या शाळेत शिकणाऱ्या दोन मुलींचा बाप होता, पाच वेळा नमाज पढणारा होता, गावच्या विहिरीला त्यानं पंप दिला होता. पण विकायच्या वस्तूकडे जवळून पाहायचं नाही, ही सवय त्यानं इतकी वर्षं जोपासली होती की आता डोळे उघडले असते तरी दिसलं नसतं. आणि मुनव्वरला राग आला तो नेमका ह्याच गोष्टीचा. कागद हवा काय? ठीक आहे, कागद आणू.

शुक्रवारी सकाळी तो दोन चाकं घेऊन हरिश्चंद्राच्या दारात उभा राहिला. एक अमेरिकन, एक नकली. माणसाच्या आतलं दिसतं तर चाकाच्या आतलंही दिसेल, असा त्याचा साधा हिशेब. हरिश्चंद्रानं कपाळावर हात मारला. इस्पितळाच्या मशिनवर गाडीचं चाक ठेवलेलं कुणी पाहिलं तर आपल्याला पहिल्या विमानानं पुण्याला पोचवतील, हे त्यानं सविस्तर समजावून दिलं. लोखंड असतं तर काही दिसलंही नसतं, हेही सांगितलं. अॅल्युमिनियम आहे म्हटल्यावर मात्र तो गप्प झाला. तंत्रज्ञाला एकदा कुतूहल चावलं की त्याची नोकरी देवाच्या भरवशावर.

शुक्रवारी बाहेरचे रुग्ण नसत. दोन चाकं स्ट्रेचरवर ठेवून वर पांढरी चादर ओढून हरिश्चंद्रानं ती स्वतः ढकलत आत नेली. वाटेत एका केरळी नर्सनं चादरीकडे पाहून, रुग्ण फारच लहान दिसतो, असं म्हटलं. रुग्णाला बोलण्याची मनाई आहे, असं सांगून हा सटकला. दोन फिल्मा काढल्या. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यानं दोन्हींवर डाव्या बाजूची खूण ठेवली, आणि वहीत दोन फिल्मा वाया गेल्याची नोंद करून पुढे कारण लिहिलं: रुग्ण हलला.

ओल्या फिल्मा दिव्यासमोर लावल्या तेव्हा मात्र दोघंही हसायचे थांबले. अमेरिकन चाकाच्या पाकळ्या एकसारख्या करड्या, साईच्या दह्यासारख्या सलग. नकली चाकाच्या पाकळ्यांत काळे ठिपके होते, मोहरीएवढे, वाटाण्याएवढे, आणि जिथे पाकळी मधल्या तबकडीला जुळते तिथे त्यांची माळच लागली होती. हरिश्चंद्रानं त्या माळेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "हे माणसाचं हाड असतं ना, तर मी ह्याला खोलीबाहेर चालत जाऊ दिलं नसतं." फिल्मच्या कोपऱ्यातलं इस्पितळाचं नाव त्यानं कात्रीनं कापून टाकलं आणि एवढंच मागितलं की आपलं नाव कुठे येऊ नये. मुनव्वरनं शब्द दिला.

कागद आणला. अशरफनं तो उजेडात धरला, दोनदा उलटा-सुलटा केला आणि टेबलाच्या खणात टाकून खणाला कुलूप लावलं. माल बंदरातून सुटलाय, पैसे म्हाताऱ्याचे अडकलेत, एक्स-रे माणसांचे काढतात, असं तो एका दमात बोलला. येत्या शनिवारपासून चाकं बसवायला लागायचं, नाहीतर पुढल्या महिन्यात मुनव्वरचा इकामा संपतोय तो कागद आपण म्हाताऱ्यापुढे ठेवणार नाही, हेही त्यानं शांतपणे सांगितलं. इकामा नाही म्हणजे केळशी. अकरा वर्षांचं बिऱ्हाड एका ट्रंकेत भरून परत, आणि गावात शिरताना तोंड खाली.

त्याच आठवड्यात गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर रुकय्याची कॅसेट आली. ती लिहीत नसे, बोलून टेप पाठवायची. अशरफची आई, म्हणजे तिची सख्खी खाला, घरी येऊन रडून गेली होती. आपल्या पोरानं व्हिसा दिला आणि तुझा दादला त्याच्याच पोटावर पाय देतो, असं म्हणत होती. टेपमध्ये मागे कोंबड्यांचा आवाज होता. रुकय्या म्हणाली, "मी खालाला चाय दिला. दुसरा काय देणार? तुजा काम तुला कळता, मना नाय. पन उद्या कोनाचा पोर मेला आनि मना कोन बोलला का तुज्या नवऱ्यानं बसवलेला, तर मी त्याला चाय कसा देव?"

मुनव्वरनं टेप दोनदा ऐकली. तिसऱ्यांदा ऐकायची गरज पडली नाही.

हरिश्चंद्रानं सावधपणे दोन्ही फिल्मांच्या दुसऱ्या प्रती काढून ठेवल्या होत्या, माणूस पुण्याचा असल्याचा असा कधीमधी उपयोग होतो. शनिवारी सकाळी मुनव्वरनं त्या प्रती गॅरेजच्या पूर्वेकडच्या मोठ्या काचेला आतून चिकटवल्या. सूर्य वर आला तसा तो फिल्मांच्या मागून पेटला आणि दोन चाकांची हाडं गॅरेजात उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसायला लागली. जासिम चाकं बसवायला आला होता. मुनव्वरनं त्याला काही सांगितलं नाही, नुसता काचेसमोर उभा केला. जासिमनं असलं चित्र एकदा पाहिलेलं होतं, स्वतःचं. त्याचा हात आपोआप गळपट्टीवर गेला. मग दुसरी पोरं आली, शेजारच्या गॅरेजांतले पठाण आले, इराणी वेल्डर आला. दुपारपर्यंत अर्धा शुवैख येऊन ती काच पाहून गेला. कुणी काच झाकायला सांगितली की मुनव्वर बाजूला होऊन म्हणायचा, झाका तुम्ही. कुणी झाकली नाही.

अशरफ थेट म्हाताऱ्याला घेऊन आला. नाकाला मिरच्या झोंबलेल्या माणसाचं तोंड कसं होतं, ते त्या दिवशी पाहावं. भर गॅरेजात त्यानं सगळं ऐकवलं: ह्याला मी आणलं, ह्याला काम शिकवलं, हा दुकानाला आग लावतोय, ह्याला उद्याच्या उद्या परत धाडा. शेवटचं वाक्य त्यानं मुनव्वरकडे बघून मराठीत म्हटलं, म्हणजे घरचं माणूस घरच्या माणसाला म्हणतंय हे कळावं: "माज्या व्हिसावर आला नि मनाच शिकवतो."

अबू फहद काठीवर रेलून फिल्मांकडे पाहत होते. दोनशे चाळीस चाकांत पैसे त्यांचे होते.

मुनव्वरनं विनवणी केली नाही. फिल्म कुणी काढली ते सांग, असं अशरफनं तीनदा विचारलं, त्यालाही उत्तर दिलं नाही. तो हिंदीत म्हाताऱ्याशी बोलला, आणि आवाज चढवला नाही. तो म्हणाला, कागद दोन आहेत, अशरफभाईचा आणि माझा. कुठला खरा ते कागद सांगणार नाहीत. येत्या शुक्रवारी गॅरेजच्या मालवाहू गाडीला ही चार चाकं मी माझ्या हातानं बसवतो, ह्यांनी काचेत रचलीत त्यातली, ह्यांनी निवडलेली. अशरफभाईनं दक्षिणेला खैरानपर्यंत ताशी एकशेसाठ किलोमीटरनं जाऊन यावं. आला, तर सगळी दोनशे चाळीस चाकं मी बसवीन आणि मग माझा इकामा तुमच्या हातानं फाडा. मधे थांबला, तर ह्या गॅरेजात ह्यातलं एकही चाक बसणार नाही, एकही विकलं जाणार नाही, आणि माझा कागद अशरफभाई स्वतः तुमच्यापुढे ठेवील.

म्हाताऱ्यानं काठी जमिनीवर आपटली. त्यांचे वडीलही गलबतवाले. नव्या गलबताच्या पहिल्या फेरीला ज्या सुतारानं ते बांधलं तो चढला नाही तर वडीलही नांगर उचलत नसत, असं त्यांनी सांगितलं. मग अशरफकडे वळून एवढंच विचारलं, "अशरफ, तुम चलाएगा?"

अशरफनं आजूबाजूला पाहिलं. चौदा गाववाले, पठाण, जासिम, सगळे. तो म्हणाला, चालवीन. नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती.

शुक्रवारी पहाट फुटल्यावर रस्ता मोकळा असतो. मागे मालाची ऐसपैस जागा असलेली ती जुनी अमेरिकन गाडी, मागच्या सामानावर ताडपत्री टाकलेली, खाली चार नवी चाकं झळाळत. नट मुनव्वरनं एकेक करून आवळले, आणि आवळून झाल्यावर अशरफच्या शेजारचं दार उघडून आत बसला. अशरफनं त्याच्याकडे पाहिलं. ठरलेल्या गोष्टीत हे नव्हतं. मुनव्वर म्हणाला, मी बसवलीत, मी पण येणार.

फहाहील मागे पडलं तोवर अशरफ बोलत होता. गावच्या गोष्टी, मुलीची परीक्षा, म्हाताऱ्याचं औषध. नव्वदला गाडी लोण्यासारखी चालली आणि तो जरा हसलाही. एकशेदहाला त्याचं बोलणं तुटक झालं. दोन्ही बाजूंना सपाट वाळू, डावीकडे लांबवर समुद्राची निळी पट्टी, एखादा उंट. एकशेवीसला स्टिअरिंग हाताखाली किंचित थरथरायला लागलं. कदाचित ते रस्त्याचं असेल, कदाचित गाडी जुनी म्हणून. पण अशरफनं मुनव्वरकडे चोरून पाहिलं. मुनव्वरच्या दोन्ही मुठी मांडीवर आवळलेल्या होत्या आणि नजर समोर.

"दाब," मुनव्वर म्हणाला. "अजून चाळीस ऱ्हायलेत."

काटा एकशेतीसला गेला. एकशेपस्तीसला. मग अशरफचा पाय उचलला गेला. गाडी हळूहळू मंदावत वाळूच्या कडेला थांबली. तो स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिला. बाहेर वारा होता, बाकी काही नाही. मग तो म्हणाला की आपल्याला घरी दोन मुली आहेत. मुनव्वर म्हणाला, जासिमच्या बापाला एक मुलगा आहे.

अशरफ खाली उतरला, गाडीला वळसा घालून पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला आणि पहिल्यांदाच त्यानं आपल्या मालाकडे जवळून पाहिलं. दिसण्यासारखं काही नव्हतं. चाक अजूनही आरशासारखंच होतं, त्यात त्याचं तोंड दिसत होतं. त्यानं विचारलं की आता परत कसं जायचं. ह्या चाकांवर तो चाळीसच्या वेगानंही बसायला तयार नव्हता, आणि ती चाकं त्याच्याच दुकानातली होती.

मुनव्वर मागे गेला आणि त्यानं ताडपत्री ओढली. खाली गाडीची जुनी चार चाकं होती, टायरासकट, आणि शेजारी जॅक.

अशरफ त्यांच्याकडे बघत राहिला. मग आला, एक चाक उतरवलं आणि वाळूवरून ढकलत पुढे आणलं. मुनव्वरनं जॅक लावला. कामाचे कपडे नसलेल्या अशरफच्या पांढऱ्या बाह्या काळ्या झाल्या तरी तो थांबला नाही. दोन चाकं बदलून झाली. तिसऱ्याला अशरफनं विचारलं, "ही कदी घातलीस?"

"सकाळी."

"म्हंजे मी थांबनार ह्या तुला ठाव होता."

"ठाव नव्हता. आशा होती."

अशरफनं नट हातात घेतला, पण पुढे केला नाही. "आनि नसतो थांबलो तर?"

मुनव्वरनं त्याच्या हातातून नट घेतला, फिरवून बसवला आणि पाना लावला.

"तर मी बसलोच होतो ना तुज्या बाजूला," तो म्हणाला, आणि चौथं चाक मागितलं.